हशाला सोडलेली जागा

नाही काका, थट्टा नाही केली — तुम्ही बसा तर आधी, तीन मजले चढून आलात, धाप लागलीय. ती नको, ती खुर्ची मागे कलंडते, आमचे दिग्दर्शक एकदा त्या खुर्चीसकट उताणे पडलेत. ही घ्या. पाणी? घ्या हो, पाण्यावर कसला राग. हां. तर थट्टा नाही. तुम्ही सिनेमा अर्धवट सोडून उठलात ते मी पाहिलं, मागेच उभी होते मी, भिंतीला टेकून. मला वाटलं बाथरूमला गेलात. मग शिपाई सांगत आला — ते आगीत गेलेल्यांच्या कमिटीतले आजोबा विचारताहेत, हा सिनेमा जोडला कुणी? मी म्हटलं, पाठव वर. आता म्हणजे पाठवलं खरं, पण तेव्हापासून दाराकडेच बघत बसलेय, खोटं कशाला बोलू.

तर जोडला मी. संकलक म्हणतात आम्हाला. शूटिंग झालं की सगळा माल या खोलीत येतो — एकच प्रसंग दहादा केलेला, कुठे नट चुकलेला, कुठे दिवा पडलेला — आणि त्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, हे या दोन पडद्यांसमोर ठरतं. नऊ महिने बसलेय मी तुमच्या कारखान्यात. हो, तुमच्याच. छत्र्यांचं कापड कापायची टेबलं, काड्यांचे गठ्ठे, दुसऱ्या मजल्यावरचं ते लोखंडी दार — डोळे मिटले तरी दिसतं. अडतीस नावं पाठ आहेत मला. तेव्हा मला काही ठाऊक नाही, मी बाहेरची, असं नका म्हणू. म्हणजे म्हणा, तुम्हाला हक्क आहे. पण तसं नाही ते.

आता विनोदाचं. बघा, असा सिनेमा बघायला माणूस येतो ना, तो रुमाल हातात घेऊनच येतो. पहिल्या मिनिटाला रडायच्या तयारीत बसलेला. आणि असं तयारीत बसलेल्या माणसाला काही लागत नाही — तो दोन तास हळहळतो, बाहेर पडतो, आणि रिक्षा शोधतो. त्याच्यासाठी त्या अडतीस बायका म्हणजे एक आकडा. पण त्याला एकदा हसवा. त्या बायका जेवणाच्या सुट्टीत कशा एकमेकींच्या नकला करायच्या, मुकादमाच्या चालण्याची कशी टर उडवायच्या — त्यावर तो एकदा मनापासून हसला ना, की त्यांच्यातला होतो. मग पुढे धूर येतो तेव्हा त्याच्या ओळखीची माणसं आत असतात. असं मी दिग्दर्शकांना सांगितलं, निर्मात्यांना सांगितलं, पेपरवाल्या बाईला सांगितलं — सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही नाही डोलवत. नका डोलवू.

पण तुम्ही हसलात, काका. मी पाहिलंय. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ. आमची सवयच ती — सिनेमा दाखवताना पडद्याकडे नाही बघत आम्ही, माणसांच्या पाठी बघतो. हसणाऱ्या माणसाचे खांदे आधी हलतात, आवाज मागून येतो. विटेच्या प्रसंगाला तुमचे खांदे हलले. ती नाही का, संध्याकाळी फाटकावर झडती देताना पिशवीत वीट घेऊन येते — फाटकवाला विचारतो, हे काय? वीट. कशाला? घर बांधतेय, रोज एक नेते. आणि दुसऱ्या दिवशी तीच वीट, परत तोच प्रश्न, आणि तो बिचारा वहीत लिहून ठेवतो, वीट एक. सगळा हॉल हसला. तिथे मी वाक्यानंतर एक सेकंद जास्त ठेवलाय, फक्त फाटकवाल्याचा चेहरा. हशाला जागा सोडावी लागते, नाहीतर पुढचं बोलणं बुडतं. तेवढ्या सेकंदात तुम्ही हसलात, आणि मग शेजारच्या बाईंना काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?

अच्छा. बायकोच होती ती तुमची. वीटवाली.

मला माहीत नव्हतं. देवाशपथ, अडतीस नावांतली नेमकी कुठली ते माहीत नव्हतं — एक बाई होती एवढंच. ... घरी अजून आहे? ती वीट? अहो. दाराला अडकण म्हणून. एक्कावन्न वर्षं.

मला जरा खिडकी उघडू द्या.

हां. काय विचारत होतात? नाही नाही, टाळत नाही मी. ते वाक्य. कुठलं वाक्य — बरोबर, तेच, ज्यावर तुम्ही उठलात. दाराआडून आवाज येतो ते. ते... सिनेमात असं असतं काका, की लेखक कल्पना करतो. म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं कुणीच जिवंत राहिलं नाही, तर आत काय बोलणं झालं हे कल्पनेनेच — काय? लेखकाला विचारलंत तुम्ही? खाली? आणि तो म्हणाला मी नाही लिहिलं. बरं. त्याला आठवत नसेल, त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही. नाहीतर मग डबिंगच्या वेळी सुचलं असेल कुणाला तरी. असं होतं बऱ्याचदा. चेहरा दिसत नसला की नंतर काहीही घालता येतं तोंडात.

हो. आवाज माझाच आहे. कान चांगले आहेत तुमचे. ते असं, की खरी कलाकार येईपर्यंत आम्ही आपलाच आवाज तात्पुरता भरून ठेवतो, जागा धरायला, आणि मग ते राहून गेलं. दिग्दर्शक म्हणाले राहू दे, चांगलं आलंय, न रडता म्हटलंयस. तुम्ही उठलात कारण — नाही, तुम्हीच सांगा.

तुमच्याशी असंच बोलायची ती. तुम्हाला चपला सापडत नसल्या, चष्मा सापडत नसला की. सावकाश हो, मी कुठे जातेय. आणि सिनेमात दाराआडून तेच —

सावकाश शोधा किल्लेदार, आम्ही कुठे जातोय.

काका, फाटकवाल्याला किल्लेदार म्हणायचे ना तुम्ही लोक? कमरेला एकतीस किल्ल्यांचा जुडगा, म्हणून किल्लेदार. पटकथेत तो फक्त फाटकवाला होता. नाव नाही, काही नाही, उंच, कपाळाला आठ्या, दार लावतो आणि जातो. खलनायक. नट पण तसाच निवडला होता. पण तो नट एकदा शूटिंगमध्ये वाक्य विसरला — आणि विसरल्यावर खिसे चाचपायला लागला, आधी वरचा, मग मागचा, मग डोक्यावरची टोपी काढून तिच्यात बघितलं, आणि किल्ल्या कमरेलाच. दिग्दर्शक ओरडले, कट! तो तुकडा फेकायचा होता. मी रात्रभर — नाही, रात्रभर नाही, पण बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. कारण बाबा अगदी तसेच, टोपीत सुद्धा —

मी चहा सांगते. काका, चहा घ्याल? बिनसाखरेचा?

नको. बरं.

ऐकलंत तुम्ही ते. हो. बाबा म्हटलं मी.

बसा. नाही, बसा, आता उठून नका जाऊ, आता एवढं झालंय तर बसाच. मी तीन वर्षांची होते. आम्ही ते गाव सोडलं ते चौकशी संपली त्याच आठवड्यात, मला काही आठवत नाही, एक छत्री आठवते लाल, बाहुलीएवढी, ती तिथेच राहिली. पुढे बाबांनी एका शाळेत नोकरी केली, घंटा द्यायची. पोरांचा जीव त्यांच्यावर. हसवायचे हो, इतके हसवायचे — घंटा द्यायला निघायचे आणि वाटेत घंटाच हरवल्याचं सोंग करायचे, एवढी मोठी पितळी घंटा, ती शोधायला टोपीत बघायचे. सगळी शाळा लोळायची. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझं बरंय गं, तुझ्या घरी असे बाबा. आणि होतंच बरं. एवढंच, की आई आणि मावशी स्वयंपाकघरात हसायला लागल्या ना, दोघीतिघी बायका मिळून, की बाबा उठून अंगणात जायचे. कधी चुकलं नाही. आम्ही म्हणायचो, बाबांना बायकांच्या गप्पांचा कंटाळा. आणि हाताला इथे, तळव्यात, चट्टा. स्टोव्हचा, असं सांगितलेलं. एवढा सरळ चट्टा स्टोव्हचा कसा होईल, हे मला पन्नाशीपर्यंत सुचलं नाही. दिवसभर चित्रं बघायचं काम माझं.

कारखान्याचं माहीत होतं मला. आईने सांगितलं होतं लग्नाच्या आधी, सासरी बाहेरून कळायला नको म्हणून — की बाबा तिथे फाटकावर होते, आग लागली, दार उघडंच होतं, बायका घाबरून एकमेकींवर पडल्या, बाबांचा काही दोष नाही. पेपरातही तेच होतं. चेंगराचेंगरी. मी तेवढ्यावर गप्प. कुठली मुलगी आणखी खोदेल? आणि मग दोन वर्षांपूर्वी कळलं, आमचे दिग्दर्शक यावर सिनेमा करताहेत. मी स्वतः फोन केला, काम मागितलं. उगाच नाही मागितलं — म्हटलं, दुसऱ्याच्या हातात गेलं तर माझ्या बापाचं काय करून ठेवतील कोण जाणे. माझ्या हातात असलेलं बरं.

मग पटकथा वाचली. तीत तुमच्या कमिटीची सगळी कागदपत्रं. तुम्ही लोक पन्नास वर्षं म्हणताय, दार बंद होतं. बाहेरून कुलूप. दोन वाजता लावायचं, पाच वाजता काढायचं, कुणी मध्येच सटकू नये म्हणून. मी ते घेऊन घरी गेले. बाबांची नखं मीच कापते, त्यांना वाकता येत नाही आता, हात थरथरतो. त्यांचा हात माझ्या हातात, त्यामुळे अंगणात जाता येईना. मी विचारलं, बाबा, दार उघडं होतं ना? पाच बोटं झाली. आणि दुसरा हात घेतला तेव्हा एकदम सांगायला लागले. जेवायला खाली गेले होते. धूर दिसला, धावत वर आले. एकतीस किल्ल्या. रोज डोळे मिटून लावायचे ती किल्ली त्या दिवशी सापडेना — ही लाव, ती लाव, एक खाली पडली, परत पहिल्यापासून — आणि आतून दार वाजतंय. ते आपले ओरडताहेत, थांबा, आलो, आलो, थांबा. आणि आतून एक बाई म्हणाली, सावकाश शोधा किल्लेदार, आम्ही कुठे जातोय.

आणि आत हसल्या, काका. दोघीतिघी. खोकत खोकत हसल्या. बाबा म्हणाले, ती ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या तर माझा हात चालला नसता. ती असं म्हणाली म्हणून हात थांबला थरथरायचा. किल्ली सापडली. बरोबर किल्ली. पण कुलूप इतकं तापलं होतं की किल्ली फिरेना. त्यांनी सोडली नाही — हा चट्टा. मग कुणीतरी त्यांना मागून ओढून जिन्यावरून खाली नेलं.

रडा. रडा तुम्ही, मी इकडे बघते.

...

काय? — हो. म्हणजे दार बंद होतं.

हो, काका. दार बंद होतं. बाहेरून. माझ्या वडिलांनी दोन वाजता लावलं, नेहमीसारखं, मालकाच्या हुकुमाने. आणि चौकशीत उभे राहून सांगितलं की उघडं होतं. व्यवस्थापक आदल्या दिवशी घरी येऊन बसला होता म्हणे, मला मांडीवर घेऊन. धमकी नाही दिली. नुसता मला खेळवत बसला. बाबांनी सांगितलं, उघडं होतं, बायका घाबरल्या. म्हणजे ज्या बाईने त्यांचा हात स्थिर केला, तिलाच घाबरट ठरवलं. हे तुम्ही नाही म्हटलं तरी मला कळतं. नऊ महिने कळतंय.

आणि सिनेमात तो भाग कुठे आहे, हे तुम्ही विचारणार. तुम्ही उठून गेलात म्हणून बघितलं नाही असं वाटेल तुम्हाला — नाहीच आहे तो. चौकशीचा प्रसंग शूट झाला होता, दोन दिवस लागले, त्या नटाचं सगळ्यात चांगलं काम तिथे होतं. तो उभा राहतो, आणि म्हणतो, उघडं होतं साहेब. मी काढला. लांबी वाढतेय म्हणाले. दिग्दर्शकांना आकडे दाखवले, दोन तास अकरा मिनिटं, लोक चुळबुळ करतात. खोटं. लांबी नव्हती वाढत. तो प्रसंग आला की आधीचं सगळं हसू आंबायचं. विटेवर हसलेले लोक, टोपीवर हसलेले लोक — त्या माणसाने खोटं बोलल्यावर ते परत त्याच्यावर प्रेम करेनात. पहिल्यांदा बाहेरच्या वीस जणांना दाखवला तेव्हा एक मुलगी म्हणाली, असल्या माणसाबरोबर आम्हाला हसायला का लावलंत? शी. ती शी मला घरापर्यंत पुरली. दुसऱ्या दिवशी प्रसंग काढला. आणि मग सगळे म्हणायला लागले, तुमचा फाटकवाला काय गोड आहे हो, बिचारा. बिचारा! मला काय झालं असेल ते ऐकून — मी इथे दार लावून हसले, रडले, काय केलं मला आठवत नाही. तुम्हाला मी मघाशी मोठं भाषण दिलं ना, हसवलं की माणसं ओळखीची होतात वगैरे. ते खरंच आहे. पण मी त्या बायकांसाठी नाही केलं ते. हसलेल्या माणसाला राग धरता येत नाही, एवढ्यासाठी केलं. तुम्हाला सुद्धा हसवलं. तिसऱ्या रांगेत बसवून, तुमच्या बायकोच्या विनोदावर, माझ्या बापाला तुमच्याकडून माफ करून घेत होते, तुम्हाला न विचारता.

पण मग ते वाक्य का ठेवलं — हेच ना? मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. ते ठेवलं नसतं तर तुम्ही वर आलाच नसता. एवढा कापण्यात हात बसलेला माझा, आणि ते तेवढं वाक्य — दार बंद असल्याशिवाय कुणी असं बोलेल का? लहान पोराला कळेल. चौकशीत जे लपवलं ते मीच माझ्या आवाजात भर हॉलमध्ये सांगत होते, आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण लोक तिथे हसतात. चटका बसल्यासारखं, पण हसतात.

प्रसंग परत घालते मी. उद्या सिनेमा पक्का होऊन जायचाय, आज घालते. दिग्दर्शक ओरडतील, ओरडू देत, त्यांना सगळं सांगते. गोड बिगोड काही राहणार नाही मग. आणि ते वाक्य? ते तुम्ही सांगा. ते तुमच्या घरचं आहे. काढू?

ठेवू. बरं.

हो, आवाज बदलते. माझा नको, बरोबर आहे. चोवीस वर्षांची कुणीतरी बघते. काकू म्हणत होते मी मनात त्यांना, आणि त्या चोवीस वर्षांच्या. माझी मुलगी सव्वीसची आहे.

काय म्हणालात?

... आहेत. हो. त्र्याऐंशी. ऐकायला येतं नीट, कमरेखाली जोर नाही एवढंच. नाही काका. नका. तुम्ही काय बोलणार त्यांच्याशी, आणि ते काय — म्हातारा माणूस आहे, छाती नाजूक — तुम्हीही म्हातारे आहात, कबूल. शिव्या द्यायच्यात? तेही नाही. मग?

ती आणखी काही म्हणाली का, एवढं विचारायचंय.

मी नाही विचारलं त्यांना ते. माझ्या डोक्यातच नाही आलं.

आत्ता? आत्ताच लावू? ... थांबा. वाजतोय. या वेळेला ते जागेच असतात. — हां बाबा. जेवलात? गोळी घेतली? ... हो, झाला दाखवून. ... हसले. हो, हसले लोक, सगळीकडे हसले. बाबा, ते राहू दे आता. इथे एक जण आलेत. कारखान्यातले. ... छत्र्यांच्या. ... बाबा? ... नाही, ठेवू नका. बाबा, फोन ठेवू नका, ते भांडायला नाही आलेत. मी सांगितलंय त्यांना. सगळं. दाराचंही. ... हो. हो, मीच. मग रागवा माझ्यावर, पण ठेवू नका.

घ्या काका. ठेवलेला नाही. श्वास ऐकू येतोय. कोण आहे, विचारताहेत — ते मी नाही सांगत. कुणाचे कोण ते तुम्हीच सांगा. मी जिन्यात थांबते.